सर म्हणतात सगळं ओपन ठेवू, टीम म्हणते घरूनच करू द्या: नवीन ऑफिस घेताना काय बघायचं?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी पुण्यातल्या एका १२० जणांच्या कंपनीत ऑपरेशन्स बघते. सॉफ्टवेअर, कस्टमर सपोर्ट आणि अकाउंट्स अशा तीन टीम आहेत, सरासरी पगार महिना ६५ हजारच्या आसपास. सध्याची जागा कोंदट आहे आणि लीज संपतेय, म्हणून बाणेरला एकाच बिल्डिंगमधे दोन जागा बघितल्यात, एक ७,५०० स्क्वेअर फूट आणि दुसरी ९,०००. भाडं फुटाला ८५ रुपये. आमचे सर म्हणतात छोटी घेऊ, केबिन काढून टाकू, सगळे लांब बेंचवर बसतील, पाचही दिवस सगळे आले पाहिजेत, आणि वाचलेल्या पैशात मस्त गेम झोन करू. टीमचं म्हणणं वेगळंच, त्यांना घरूनच काम हवंय. वर्षभरात चांगली चांगली माणसं सोडून गेलीत. मला माणसांचं बघायचंय आणि कंपनीचंही, कारण पगार तिथूनच होतात. पुढची पाच-सात वर्षं टिकेल असं ऑफिस कसं करायचं? पंधरा दिवसांत सरांपुढे प्लॅन ठेवायचाय.
(एक वाचक, पुणे)

ताई नमस्कार,

तुम्ही दोन्ही बाजू एकाच पत्रात लिहिल्यात हे बरं केलंत, कारण बहुतेक ठिकाणी एचआरवाले फक्त माणसांचं बोलतात, मालक फक्त भाड्याचं बोलतो, आणि प्लॅन शेवटी इंटिरियरवाला त्याच्या कॅटलॉगमधून काढून देतो. तुम्ही आकडे पण दिलेत, मग आधी त्यांच्यावरच बोलू, कारण सरांना पटवायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

९,००० फुटाचं भाडं होतं महिना ७ लाख ६५ हजार, आणि ७,५०० चं ६ लाख ३७ हजार ५००. फरक १ लाख २७ हजार ५००. आता पगार बघा, १२० गुणिले ६५ हजार म्हणजे ७८ लाख. म्हणजे जागा छोटी घेऊन जे वाचतंय ते तुमच्या पगाराच्या जेमतेम १.६ टक्के. आठ तासांच्या दिवसात १.६ टक्के म्हणजे आठ मिनिटं. गर्दी, आवाज, कोंदट हवा, जेवायला रांग, मीटिंगला जागा शोधत फिरणं, या सगळ्यात मिळून माणशी रोज आठ मिनिटं जरी जास्त वाया गेली तरी सरांनी वाचवलेलं भाडं तिथंच संपलं, आणि खरं सांगायचं तर आठ मिनिटं नुसती मायक्रोवेव्हच्या रांगेत जातात. हा हिशोब एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, बाकीचं सगळं नंतर.

पण म्हणून ९,००० घ्या असं मी म्हणत नाहीये. उलट माझं मत सरांच्या बाजूने आहे, छोटीच घ्या! फक्त तिच्यात १२० खुर्च्या कोंबू नका.

कसं ते सांगतो. ७,५०० हा चार्जेबल एरिया असणार, त्यात लॉबी, लिफ्ट, जिना सगळं धरलेलं असतं. भाड्याच्या जागेतले तीसेक टक्के त्यातच गेले असं धरलं तर प्रत्यक्ष वापरायची जागा, म्हणजे कार्पेट, हातात येतं ५,२५० च्या आसपास, आणि मोठ्या जागेत ६,३००. मोठ्या जागेत रोज १२० माणसं बसवली तर माणशी साडेबावन्न फूट, त्यात पॅसेज, पॅन्ट्री, सर्व्हर रूम सगळं आलं. छोट्या जागेत ९० खुर्च्या ठेवल्या तर माणशी ५८ फूट. म्हणजे कमी भाड्याच्या जागेत माणूस जास्त ऐसपैस बसतो, पण अट एकच, प्रत्येकाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम. दोन दिवस घरी धरले तर १२० पैकी रोज सरासरी ७२ येतात, आणि टीमचे वार नीट वाटून दिले तर गर्दीच्या दिवशीही ९० च्या वर जात नाही. सरांना जागाही कमी हवीये आणि माणसंही रोज हवीयेत, यातलं एकच मिळेल, आणि हे त्यांना तुम्हालाच सांगावं लागेल. सगळे १२० एकत्र हवे असतील तेव्हा महिन्यातून एक दिवस बाहेर हॉल घ्या, ते परवडतं.

दोन दिवस घरून म्हटलं की काम घसरेल ही भीती सर बोलून दाखवतीलच. ट्रिप डॉट कॉम म्हणून चीनची ट्रॅव्हल कंपनी आहे, तिथे स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,६१२ जणांवर प्रयोग केला, ज्यांची जन्मतारीख विषम त्यांना बुधवार-शुक्रवार घरून काम करायची मुभा आणि सम तारखेवाले पाचही दिवस ऑफिसात. ही माणसं म्हणजे इंजिनियर, मार्केटिंग, फायनान्स, साधारण तुमच्यासारखीच. २०२४ मधे नेचर या विज्ञानाच्या मासिकात निकाल आला, घरून काम मिळालेल्यांमधे नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी, आणि कामाचं रेटिंग, प्रमोशन यात काही फरक नाही. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की सुरुवातीला तिथल्या मॅनेजर लोकांना काम घसरेल असंच वाटत होतं, आणि प्रयोग संपल्यावर त्यांचंच मत फिरलं. तुमची माणसं सोडून चाललीयेत म्हणताय ना, मग हा आकडा सरांना गेम झोनच्या आधी दाखवा. (आणि टीमलाही सांगा की हा निकाल दोन दिवसांचा आहे, पूर्णवेळ घरून काम करण्याचा नाही. नवीन पोरं समोर बसून जे शिकतात ते स्क्रीनवर शिकत नाहीत, त्यांच्यासाठी तरी ऑफिस लागतंच.)

आता ती लांब बेंचची गोष्ट. ओपन ठेवलं की माणसं एकमेकांशी बोलतात असं सगळे समजतात. हार्वर्डच्या बर्नस्टाइन आणि टर्बन यांनी २०१८ मधे दोन मोठ्या अमेरिकन कंपन्यांमधला अभ्यास छापला, माणसांच्या गळ्यात सेन्सर अडकवून भिंती पाडायच्या आधी आणि नंतर कोण किती बोलतं ते मोजलं. समोरासमोर बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं, ईमेल आणि चॅट वाढलं. आणि यात नवल काहीच नाही, आपण चौघांच्या कानावर पडेल असं बोलायला कचरतो, मग कानात हेडफोन घालतो आणि शेजारच्याला मेसेज टाकतो. डेन्मार्कमधे २०११ ला आलेल्या अभ्यासात सहापेक्षा जास्त माणसांच्या ओपन ऑफिसात आजारपणाच्या रजा स्वतंत्र खोलीवाल्यांपेक्षा ६२ टक्के जास्त दिसल्या होत्या. आता सगळा दोष भिंती नसल्याचाच असं कुणी म्हणणार नाही, पण दिशा तरी कळते.

याच चक्रातून जग एकदा गेलंय. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर कंपनीसाठी १९६८ मधे हलवता येणारी पार्टिशनं काढली, विचार असा होता की माणसाने आपल्या कामाप्रमाणे आपली जागा मांडून घ्यावी, थोडा आडोसा, थोडा मोकळेपणा. कंपन्यांनी त्यातलं फक्त फूट वाचवणं उचललं आणि त्याचे खुराडे झाले, प्रॉप्स्टनाच शेवटी त्याचं वाईट वाटत राहिलं. तुमच्या सरांच्या बेंचमागेही फूट वाचवण्याशिवाय दुसरं कारण आहे का हे एकदा त्यांनाच शांतपणे विचारा.

मग करायचं काय, तर तीन टीमना तीन कोपरे द्या आणि ते त्यांचेच राहू देत. रोज सकाळी येऊन कुठे बसू म्हणून शोधायला लावू नका. खुर्ची बदलली तरी चालते पण आपली माणसं कुठे बसतात हे पक्कं हवं, आणि प्रत्येकाला कुलूप लागणारा एक लॉकर. सपोर्टवाले दिवसभर फोनवर असतात, त्यांना दार असलेली वेगळी खोली द्या, याच्यात अजिबात तडजोड नको. अकाउंट्सवाल्या माणसाला शेजारचं आख्खं संभाषण कळत असेल तर त्याचं डोकं त्यातच अडकतं, आवाज लहान असला तरी. नुसत्या घरघरीचा तेवढा त्रास होत नाही, कळणारे शब्द त्रास देतात. बाकीच्यांसाठी एकट्याने बसून बोलायचे चार-पाच फोन बूथ करा.

आणि एक बारीक गोष्ट, जी प्लॅनवर कधीच दिसत नाही. मीटिंग रूमची, एचआरच्या केबिनची पार्टिशनं वेंडर फॉल्स सीलिंगपर्यंतच नेतो आणि वरची पोकळी तशीच सोडतो, मग आत चाललेलं पगाराचं बोलणं सीलिंगवरून पलीकडच्या टेबलावर स्पष्ट ऐकू येतं. मी अशा केबिनबाहेर बसून आतलं वाक्य न् वाक्य ऐकलंय. बीओक्यूमधे, म्हणजे वेंडरच्या काम-सामानाच्या यादीत, लिहून घ्या की पार्टिशन वरच्या स्लॅबपर्यंत जाईल आणि आत रॉकवूल (आवाज अडवणारं लोकरीसारखं भरण) भरलेलं असेल. खर्च वाढतो, पण माणूस त्या खोलीत रडतो, राजीनाम्याचं बोलतो, आजाराचं सांगतो, ते चारचौघात जाऊ नये.

आता हवा. सध्याची जागा कोंदट आहे म्हणालात ना, नवीनही तशीच होईल, जर कुणी लक्ष दिलं नाही तर. आपल्याकडचा स्प्लिट किंवा कॅसेट एसी खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो, बाहेरची ताजी हवा त्यातून येत नाही. दहा बाय बाराच्या काचेच्या मीटिंग रूममधे सहा माणसं दार लावून बसली की तासाभरात कार्बन डायऑक्साइड २,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) वर सहज जातो, बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. दुपारी साडेतीनच्या मीटिंगला सगळे जांभया देतात त्याचं खापर आपण जेवणावर फोडतो. हार्वर्डच्या जोसेफ अ‍ॅलन यांच्या गटाने २०१५ मधे २४ जणांना सहा दिवस एका ऑफिसात बसवून हवा बदलत त्यांच्या निर्णय घेण्याच्या टेस्ट घेतल्या, साडेपाचशे पीपीएमच्या तुलनेत ९४५ ला मार्क १५ टक्के घसरले आणि १,४०० ला तर ५० टक्के. माणसं थोडीच होती, त्यामुळे टक्केवारीवर मी पैज लावणार नाही, पण काही हजारांत मीटर मिळतो, एक घ्या आणि आत्ताच्या ऑफिसमधल्या मीटिंग रूममधे सरांच्या समोर टेबलावर ठेवा. तेवढं केलंत तर फ्रेश एअरचं वेगळं युनिट आणि डक्ट का लागतं हे समजावत बसावं लागणार नाही. गेम झोनचे पैसे इकडे वळवा, अगदी सगळे.

तापमानाचं पण सांगतो कारण त्यावरून भांडणं होतात. मे महिन्यात बाहेर चाळीस डिग्री आणि आत बायका शाल पांघरून बसल्यात, एसीच्या जाळीवर कुणीतरी फाइलचा पुठ्ठा सेलोटेपने चिकटवलाय, हे दृश्य तुमच्याकडेही असेलच. हे नखरे नाहीत हो. ऑफिसच्या तापमानाची जी जुनी गणितं आहेत ती ७० किलोच्या, चाळिशीच्या पुरुषाचं शरीर किती उष्णता तयार करतं ते धरून केलेली आहेत, नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी २०१५ मधे हे दाखवलं होतं. आणि २०१९ मधे बर्लिनला पाचशेच्या वर विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, खोली उबदार होत गेली तसे मुलींचे गणिताचे आणि शब्दांचे मार्क वाढले, आणि मुलांचे त्या मानाने फारच थोडे घटले. तेव्हा एसी २४-२५ वर ठेवा आणि वर छताला पंखे लावा, पुण्याच्या हवेत हे वर्षातले कितीतरी महिने छान चालतं. बीईई, म्हणजे केंद्र सरकारची वीजबचतीची संस्था, तर म्हणतेच की एसी एक डिग्री वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. इंटिरियरवाला पंख्याला नाक मुरडेल, मुरडू दे.

खिडक्यांचं थोडक्यात. आपल्याकडे सगळ्या खिडक्या केबिनवाल्यांना जातात आणि ज्यांना दहा तास स्क्रीनकडे बघायचंय ती माणसं मधल्या अंधारात. उलटं करा. उत्तर आणि पूर्वेची काच टीमला द्या, पश्चिमेकडे पॅसेज, स्टोअर, मीटिंग रूम टाका, कारण पश्चिमेच्या काचेवर दुपारी ऊन आलं की ब्लाइंड खाली येतात ते कायमचेच, आणि मग दिवसभर ट्यूब जळते.

पॅन्ट्रीवर मात्र कंजूषी करू नका, इथे मला खूप सांगायचंय. आपली माणसं डबा आणतात आणि डबा एकट्याने खात नाहीत, चार जण मिळून उघडतात. कुणाच्या घरून काय आलंय, कुणाची आई आजारी आहे, कुठल्या क्लायंटने काल रात्री डोकं खाल्लं, हे सगळं त्या वीस मिनिटांत कळतं, आणि अकाउंट्सचा माणूस सॉफ्टवेअरच्या माणसाला ओळखतो तो तिथूनच. सर ज्या ‘एकमेकांशी बोलणं’ साठी भिंती पाडतायत ते खरं तर इथे होतं! ९० माणसांसाठी दोन पाळ्या धरा, एका वेळी ४५ जण नीट बसतील एवढी लांब टेबलं, मायक्रोवेव्ह किमान चार, हात धुवायला दोन-तीन बेसिन, आणि ही खोली कामाच्या जागेपासून दाराने वेगळी, म्हणजे सुरमईच्या वासावरून कुरबुरी होणार नाहीत आणि कुणी डेस्कवर जेवणार नाही. दुपारनंतर तीच खोली टीमच्या गप्पांना, ट्रेनिंगला वापरा.

आणि ताई, झाडलोट करणाऱ्या मावशी, चहावाले काका, सिक्युरिटीचे लोक, हे तुमच्या १२० मधे धरलेत का? पत्रात तरी दिसले नाहीत. चकाचक ऑफिसांमधे मी मावशींना जिन्याच्या लँडिंगवर वर्तमानपत्र अंथरून जेवताना बघितलंय, आणि ते बघून फार वाईट वाटतं. त्यांनाही त्याच पॅन्ट्रीत बसता आलं पाहिजे, कपडे बदलायला छोटी खोली आणि लॉकर पाहिजे. प्लॅनवर ती खोली आत्ताच काढा, नंतर कधीच जागा निघत नाही.

कायद्याचंही बघून घ्या. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय द्यावी लागते, मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात २०१७ मधे ही तरतूद आली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. तुम्ही १२० आहात म्हणजे हा विषय टाळताच येणार नाही, पण आपल्याच जागेत काढायला हवं असंही नाही, इतर कंपन्यांबरोबर मिळून जवळपास सोय केली तरी चालते. एकाच बिल्डिंगमधल्या तीन-चार कंपन्यांनी मिळून केलं तर खर्च अंगावर येत नाही, बिल्डिंगच्या मॅनेजरशी बोला. ऑफिसच्या आत मात्र आतून कडी लागणारी, फ्रिज असलेली एक छोटी खोली हवीच, बाळंतपणानंतर परत आलेल्या मुलीला दूध काढायला वॉशरूममधे उभं राहायला लागू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं मी सांगितलं म्हणून करू नका, माणसांना विचारून करा. इंग्लंडमधे एक्सेटर विद्यापीठाच्या नाइट आणि हॅसलम यांनी २०१० मधे गमतीशीर प्रयोग छापला होता. काही जणांना रिकामं, नुसतं टेबल-खुर्चीचं ऑफिस दिलं, काहींना झाडं-चित्रं लावलेलं, आणि काहींना सांगितलं की ही झाडं, ही चित्रं, तुम्हाला हवं तसं मांडा. स्वतः मांडणाऱ्यांचं काम रिकाम्या ऑफिसवाल्यांपेक्षा साधारण ३२ टक्क्यांनी सरस निघालं. आणि चौथ्या गटाला आधी मांडू दिलं आणि मग त्यांच्यासमोरच सगळं बदलून टाकलं, तेव्हा तो फायदा पार गेला. म्हणजे विचारल्यासारखं करून मग आपलंच खरं करणं हे झाडं-चित्रं लावून गप्प बसण्यापेक्षाही वाईट. म्हणून प्रत्येक टीममधून दोन जण घ्या, त्यात एक नवीन आणि एक जुना, त्यांना त्यांच्या कोपऱ्याचं बजेट द्या आणि त्यांनी ठरवलेलं मोडू नका. जागा रिकामी आहे तोवर त्यांना घेऊन जा, जमिनीवर मास्किंग टेपने टेबलं आखा, खुर्च्या ठेवून अर्धा दिवस बसून बघा, कुठे ऊन येतंय, लिफ्टचा आवाज कुठवर येतो, वॉशरूमचं दार कुणाच्या समोर उघडतंय, हे थ्रीडी व्ह्यूमधे कधी कळत नाही.

सरांना हे विकायचं कसं? आत्ताच, शिफ्ट व्हायच्या आधी, चार आकडे लिहून ठेवा, वर्षभरात किती जण सोडून गेले, आजारपणाच्या रजा किती, एक माणूस गेल्यावर नवीन कामाला लागेपर्यंत किती महिने आणि किती पैसे गेले, आणि सपोर्टच्या किती तक्रारी दुसऱ्यांदा उघडाव्या लागल्या. शिफ्ट झाल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने तेच परत मोजू असं सांगा. मालक माणूस प्रयोगाला तयार होतो, कायमच्या निर्णयाला घाबरतो. दोन दिवस घरून काम हेही ‘सहा महिने बघू’ म्हणूनच मांडा. आणि गेम झोनला थेट नाही म्हणू नका, एक कॅरम बोर्ड पॅन्ट्रीत ठेवा, आपल्याकडे तो सगळेच खेळतात.

लीजवर सही करायच्या आधी बिल्डरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: बाहेरची हवा आत घ्यायला काचेच्या किंवा भिंतीच्या पॅनेलमधे ओपनिंग करायची परवानगी, रात्रीच्या शिफ्टला आणि शनिवारी एसी चालवायचे वेगळे पैसे किती, आणि लेडीज वॉशरूम त्याच मजल्यावर तुमच्या बायकांच्या संख्येला पुरतील इतकी आहेत का. पहिल्याला तो नाही म्हणाला तर तिसरी जागा शोधा, पंधरा दिवसांची मुदत सरांकडून वाढवून घेतलीत तरी चालेल.